शेताच्या बांधावरची शाळा : बदलती शेतकामे आणि प्रौढांचे शिक्षण

शेती हा धंदा पूर्वी कोणी वर्गात बसून शिकत नसे. वडिलांच्या मागे औत हाकता हाकता मुलगा शिकत असे. वाफसा आला हे ढेकूळ हातात चुरून कसे ओळखावे, चाड्यावर मूठ कशी धरावी, उपणताना वाऱ्याकडे तोंड कसे ठेवावे, हे सारे ज्ञान एका हातातून दुसऱ्या हाताकडे जात होते. सासूच्या शेजारी पात धरून सून खुरपणी शिकत होती. हे शिक्षण अस्सल होते आणि पिढ्यानुपिढ्या ते पुरलेही. याचे कारण एकच होते. वडिलांनी जे काम केले तेच काम मुलाला करावयाचे होते.

आज ही परिस्थिती राहिलेली नाही. मोट गेली आणि विहिरीवर विजेचा पंप आला. पाटाच्या पाण्याच्या जागी ठिबकच्या नळ्या आल्या व खतही त्यातूनच सोडले जाऊ लागले. बैलजोडी व सालगडी कमी झाले आणि नांगरटीपासून मळणीपर्यंतची कामे भाड्याच्या यंत्राने होऊ लागली. ऊसतोडणीला यंत्र लावावयाचे तर दोन सरींतील अंतर साधारण ४ ते ५ फूट ठेवावे लागते, म्हणजे यंत्र येण्याच्या वर्षभर आधी लागवडीच्या वेळीच निर्णय घ्यावा लागतो. आपल्या देशात बीटी कपाशी २००२ मध्ये आली. पुढे २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने तिच्यातही मोठे नुकसान केले. २०२३ पासून महिला बचत गटांना फवारणीसाठी ड्रोन देण्याची योजना केंद्र शासनाने आखली. यांपैकी एकही काम वडिलांच्या मागे चालून शिकता आलेले नाही, कारण ते वडिलांनाही कधी करावे लागले नव्हते.

म्हणून आज प्रश्न केवळ मुलांच्या शाळेचा नाही. ज्यांच्या हातात आज शेती आहे, त्या २५ ते ६० वयाच्या माणसांनी कोठे व कसे शिकावे, हा खरा प्रश्न आहे. या लेखात प्रौढांच्या शिक्षणाची एक चांगली पद्धत, म्हणजे शेतीशाळा, काय आहे, ती कशी भरवावी, तिच्यात कोणी बसावे आणि तिचा गावाला काय उपयोग, याची माहिती दिली आहे.

प्रौढ शिक्षणाची मागील वाटचाल

कष्टकऱ्यांनी शिकावे हा विचार आपल्याकडे नवा नाही. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी व कामकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्याला शिकवावयाचे तर शाळेनेच आपली वेळ बदलली पाहिजे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. १८८३ मधील ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथातही शेतकऱ्याच्या हलाखीचा आणि अविद्येचा संबंध त्यांनी स्पष्टपणे मांडला.

स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि ग्रामसेवक गावात आला. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावानेच आपल्या निरक्षर प्रौढांना शिकवावयाचे व गाव साक्षर झाल्याचा समारंभ करावयाचा, अशी तिची रीत होती आणि ती पुढे राज्यात इतरत्रही पसरली. अधिक उत्पादन देणाऱ्या वाणांचा प्रसार सुरू झाल्यावर १९६७-६८ मध्ये शेतकऱ्यांसाठी कार्यात्मक साक्षरतेचा कार्यक्रम केंद्राने हाती घेतला. त्यानंतर १९७८ मध्ये राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम व १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आले. शेतीच्या बाजूने पाहिले तर पहिले कृषि विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे सुरू झाले. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ मध्ये झाली आणि घरची शेती सांभाळून कृषीचे शिक्षण घेण्याची सोय झाली.

या साऱ्या प्रयत्नांतून एक धडा वारंवार मिळाला. अक्षरे आणि काम यांची फारकत झाली की प्रौढ माणूस वर्ग सोडून जातो. ‘क कमळाचा’ हे सहा वर्षांच्या मुलाला चालते. चाळीस वर्षांच्या माणसाला मात्र खताच्या पोत्यावर छापलेले १०:२६:२६ हे आकडे काय सांगतात, सोसायटीच्या पावतीवर व्याज किती लावले आहे आणि कीटकनाशकाच्या डब्यावरील त्रिकोणाचा रंग कोणता, हे वाचता येणे निकडीचे असते. शिकलेले दुसऱ्या दिवशी कामाला आले तरच तो तिसऱ्या दिवशी वर्गाला येतो.

प्रौढ माणूस कसा शिकतो?

ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेअरी हे काही वर्षे चिली देशात राहिले. तेथे त्यांनी कृषी अधिकारी आणि शेतकरी यांच्यातील संबंधांचा अभ्यास करून १९६९ मध्ये एक निबंध लिहिला. अधिकाऱ्याने ज्ञान ओतावे आणि शेतकऱ्याने ते भरून घ्यावे, ही पद्धत शिक्षणाची नव्हे, दोघांनी मिळून प्रश्नाचा विचार करावा तेव्हा शिक्षण होते, असे त्यांच्या म्हणण्याचे सार आहे. कृषी शिक्षण देणाऱ्या आम्हा मंडळींनी हे कायम ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

प्रौढांच्या शिकण्याची काही ठळक वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१) प्रौढ माणूस कोरी पाटी घेऊन येत नाही. त्याच्याकडे वीस-तीस हंगामांचा अनुभव असतो. नवीन गोष्ट त्या अनुभवाला जोडून सांगितली तर ती टिकते, त्याला डावलून सांगितली तर टिकत नाही.

२) त्याला ‘हे करा’ यापेक्षा ‘हे का’ याचे उत्तर हवे असते. कारण पैसा त्याचा जातो आणि नुकसानही त्यालाच सोसावे लागते.

३) ऐकलेले विसरते, पाहिलेले काही काळ राहते, स्वतःच्या हाताने करून पाहिलेले मात्र पक्के बसते.

४) चारचौघांत आपले अज्ञान उघडे पडेल ही भीती प्रौढाला लहान मुलापेक्षा अधिक असते. म्हणून परीक्षेसारखे प्रश्न विचारणे, नाव घेऊन उभे करणे हे टाळावे.

५) त्याला वेळ कमी असतो. दिवसभराच्या शिबिरापेक्षा आठवड्यातून दोन-अडीच तास, परंतु संपूर्ण हंगामभर, ही रचना त्याला सोयीची पडते.

शेतीशाळेचा जन्म

वरील सर्व गोष्टी एकत्र आणणारी पद्धत इंडोनेशियात भातशेतीतून उदयास आली. हा देश १९८४ मध्ये तांदळाच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला. पण लगेचच १९८५-८६ मध्ये तपकिरी तुडतुड्यांनी तेथील भात मोठ्या प्रमाणावर फस्त केला. शासन कीटकनाशकांवर भरघोस अनुदान देत होते व शेतकरी वारंवार फवारणी करीत होते. तरीही तुडतुडे वाढतच गेले. शास्त्रज्ञांनी कारण शोधले तेव्हा असे दिसले की, फवारणीने तुडतुड्यांना खाणारे कोळी व इतर मित्रकीटक आधी मरतात. तुडतुड्यांची अंडी भाताच्या खोडात सुरक्षित राहतात आणि त्यातून निघालेल्या पिलांना खाणारे शेतात कोणी उरत नाही. म्हणजे औषधच रोग वाढवीत होते.

१९८६ मध्ये तेथील राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने ५७ कीटकनाशकांचा भातावरील वापर बंद करण्यात आला व पुढे अनुदानही टप्प्याटप्प्याने काढून घेण्यात आले. परंतु बंदी घालून ज्ञान येत नाही. लाखो शेतकऱ्यांना कोळी हा आपला मित्र आहे हे पटवावयाचे कसे? भाषणाने ते पटणारे नव्हते. म्हणून १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साह्याने शेतीशाळा सुरू झाल्या. सुमारे २५ शेतकऱ्यांनी आठवड्यातून एकदा सकाळी शेतावर जमावयाचे, झाडे तपासावयाची, किडी व मित्रकीटक मोजावयाचे, पाहिलेले चित्र मोठ्या कागदावर काढावयाचे आणि फवारावे की नाही हे चर्चा करून ठरवावयाचे, एवढीच ती पद्धत. वाचता न येणाऱ्यालाही चित्र काढता येत असल्यामुळे कोणी मागे पडत नसे. दहा वर्षांत तेथील दहा लाखांहून अधिक शेतकरी या शाळांतून शिकले.

ही पद्धत पुढे आशिया व आफ्रिकेतील अनेक देशांनी स्वीकारली. १९९९ ते २००४ या काळात कपाशीसाठी आशियातील सहा देशांत असा कार्यक्रम राबविण्यात आला, त्यात भारताचा समावेश होता. महाराष्ट्रात २००८ च्या खरिपात विदर्भातील सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाल्यानंतर २००९-१० पासून कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजे क्रॉपसॅप, सुरू झाला व त्याला शेतीशाळांची जोड मिळाली. २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही विदर्भ-मराठवाड्यातील गावांत शेतीशाळा हे प्रसाराचे मुख्य साधन ठरले.

शेतीशाळेत काय करतात?

शेतीशाळेला इमारत लागत नाही, फळाही लागत नाही. एका शेतकऱ्याचे रस्त्यालगतचे शेत, बसायला झाडाची सावली, मोठे कागद, रंगीत खडू, भिंग आणि किडी ठेवण्यासाठी झाकणाला छिद्रे पाडलेल्या बाटल्या एवढे साहित्य पुरे होते. शेताचे दोन भाग करावेत. एका भागात गावातील नेहमीची पद्धत व दुसऱ्यात एकात्मिक पद्धत ठेवावी आणि दोन्हींचा खर्च स्वतंत्र लिहावा. कपाशी-सोयाबीन पट्ट्यासाठी हंगामाची आखणी साधारण अशी करता येईल.

मे-जून : उगवणशक्तीची चाचणी. घरच्या सोयाबीनचे १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटावर १० दाण्यांच्या १० ओळी लावाव्यात. गोणपाटाची गुंडाळी करून सावलीत ओलसर ठेवावी आणि ६ ते ७ दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. ७० किंवा त्याहून अधिक उगवले तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. ६० च उगवले तर ३० ला ७० ने गुणून ६० ने भागावे, म्हणजे एकरी ३५ किलो बियाणे लागेल. त्रैराशिकाचा हा धडा शाळेत कंटाळवाणा वाटला असेल. येथे मात्र दुबार पेरणीचा खर्च वाचविणारा म्हणून तो प्रत्येकजण लक्ष देऊन शिकतो.

जुलै-ऑगस्ट : झाडाची तपासणी. पाच-पाच जणांचे गट करावेत. प्रत्येक गटाने कपाशीची ५ झाडे निवडून प्रत्येक झाडाचे वरचे, मधले व खालचे असे ३ पान तपासावे. १५ पानांवर मिळून २१ तुडतुडे आढळले तर पानामागे सरासरी १.४ इतके झाले. तुडतुड्यांची आर्थिक नुकसानीची पातळी पानामागे २ ते ३ अशी आहे. म्हणजे आज फवारणीची गरज नाही. सोबत ढालकिडे, क्रायसोपा व कोळी किती दिसले तेही लिहावे. मित्रकीटक पुरेसे असतील तर एक आठवडा थांबून पुन्हा मोजावे. हा थांबण्याचा धीर एकट्याला होत नाही, पंचवीस जणांनी मिळून मोजले की तो येतो.

पाने कापण्याचा प्रयोग. सोयाबीनच्या दोन ओळींतील झाडांची फुलोऱ्यापूर्वी साधारण चौथा हिस्सा पाने हाताने काढून टाकावीत व खूण करून ठेवावी. काढणीच्या वेळी शेजारच्या ओळींशी उत्पादनाची तुलना करावी. पान कुरतडलेले दिसले की लगेच पंप उचलण्याची सवय या एका प्रयोगाने जेवढी सुटते, तेवढी दहा व्याख्यानांनी सुटत नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबर : बोंडअळीवर नजर. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी २ कामगंध सापळे लावावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात ८ किंवा अधिक पतंग सापडले, अथवा २० हिरवी बोंडे फोडून पाहिली असता १ ते २ बोंडांत अळी आढळली, तर उपाय योजण्याची वेळ आली असे समजावे. सापळ्यातील पतंग मोजून वहीत मांडण्याचे काम गावातील शिकलेल्या मुला-मुलींकडे द्यावे.

नोव्हेंबर-डिसेंबर : हिशेब. दोन्ही भागांतील खर्च, उत्पादन व निव्वळ नफा सर्वांसमोर मांडावा. घरच्या माणसांची मजुरीही खर्चात धरावी. या दिवशी गावातील इतरांनाही बोलवावे.

फवारणीचा धडा : जीविताचा प्रश्न

शेतीशाळेतील एक धडा कोणीही चुकवू नये, तो म्हणजे फवारणीचा. २०१७ च्या जुलै ते ऑक्टोबर या काळात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी कपाशी डोक्याइतकी वाढली होती, त्यामुळे फवारा अंगावर व तोंडावर येत होता. दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जात होती व संरक्षक कपडे, हातमोजे, मुखपट्टी यांचा वापर जवळजवळ नव्हता. या गोष्टी तेव्हा प्रकर्षाने पुढे आल्या.

येथे एक बाब विचार करण्यासारखी आहे. कृषी खात्याच्या, विद्यापीठाच्या किंवा कंपनीच्या कार्यक्रमाला शेताचा मालक जातो. माहितीपत्रक त्याला मिळते. पंप मात्र पाठीवर घेतो तो मजूर. ज्याच्या फुप्फुसात विष जाते त्याच्यापर्यंत माहिती पोचतच नाही. शिक्षण मालकाला व धोका मजुराला, अशी ही विभागणी आहे. शेतीशाळेच्या यादीत फवारणी करणाऱ्या मजुरांची नावे प्रथम लिहावीत, ती याच कारणासाठी.

या धड्यात पुढील गोष्टी प्रत्यक्ष करून घ्याव्यात.

त्रिकोणाची ओळख. डब्यावरील चौकोनात खालच्या अर्ध्या भागात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिशय विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा म्हणजे मध्यम विषारी आणि हिरवा म्हणजे त्या मानाने कमी विषारी. हिरवा म्हणजे निर्धोक असे मात्र समजू नये. निरनिराळे रिकामे डबे मांडून प्रत्येकाने रंगाप्रमाणे ते लावावेत. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही हा धडा पूर्ण येतो. डबे हाताळताना हातमोजे घालावेत व नंतर हात साबणाने धुवावेत.

पंपाचे मोजमाप. ‘एका पंपाला एक झाकण’ हे माप नव्हे, कारण प्रत्येक डब्याचे झाकण निराळे व प्रत्येकाची चालही निराळी. त्यासाठी १० मीटर लांब व १० मीटर रुंद जागा आखावी. पंपात मोजून साधे पाणी घ्यावे व नेहमीच्या चालीने ती जागा फवारावी. किती पाणी लागले ते मोजावे. समजा ५ लिटर लागले. एकरात अशा ४० जागा मावतात, म्हणजे एकरी २०० लिटर पाणी झाले. पंप १६ लिटरचा असेल तर साडेबारा पंप होतील. औषधाची शिफारस एकरी २०० मिलि असेल तर दर पंपास १६ मिलि औषध घ्यावे. दुसरा माणूस सावकाश चालतो व त्याला ६ लिटर पाणी लागते. त्याचे एकरी २४० लिटर, म्हणजे १५ पंप होतात. त्याने दर पंपास सुमारे १३ मिलि औषध घ्यावे. त्यानेही १६ मिलि घेतले तर एकरी ४० मिलि औषध जादा जाते. माप घेण्यासाठी स्वतंत्र मोजपात्र ठेवावे व ते घरात दुसऱ्या कामाला वापरू नये.

अंगावर विष न घेण्याची रीत. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, टोपी, चष्मा, मुखपट्टी व बूट वापरावेत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. उपाशीपोटी फवारणी करू नये. फवारताना खाणे, पाणी पिणे, तंबाखू मळणे टाळावे. नोझल तुंबल्यास तोंडाने फुंकू नये, तार किंवा बारीक ब्रश वापरावा. शिफारस नसलेली औषधे एकमेकांत मिसळू नयेत. काम संपल्यावर साबणाने आंघोळ करावी व ते कपडे वेगळे धुवावेत. कपडे धुणाऱ्या घरच्या बाईलाही विषाचा संपर्क होतो हे विसरू नये.

विषबाधा झाल्यास. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, उलटी, घाम, तोंडाला लाळ सुटणे, अंधुक दिसणे ही लक्षणे आहेत. रोग्यास ताबडतोब शेताबाहेर सावलीत आणावे, कपडे काढून अंग साबणाच्या पाण्याने धुवावे आणि वेळ न दवडता रुग्णालयात न्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी डॉक्टरांना दाखविण्यासाठी सोबत न्यावी, त्यावर विषाचा प्रकार व उतारा दिलेला असतो. ‘उद्या बघू’ असे म्हणून घरी झोपून राहू नये.

शाळेबाहेर कोण राहते?

खुरपणी, वेचणी, लावणी ही कामे प्रामुख्याने स्त्रिया करतात. किडीचे पहिले फूल किंवा पहिले डागाळलेले बोंड त्यांच्याच नजरेला पडते. तरीही ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्यांना शेतकरी म्हणून बोलावणे येत नाही. सकाळी दहाची वेळ ठेवली तर मजुरी बुडेल या भीतीने त्या येऊ शकत नाहीत. म्हणून वेळ त्यांना विचारूनच ठरवावी. महिलांची स्वतंत्र शेतीशाळा भरविल्यास त्या मोकळेपणाने बोलतात, असा आमचा अनुभव आहे.

भूमिहीन मजुरांचेही असेच आहे. यंत्र आले की त्यांचे दिवस कमी होतात. गावात मळणीयंत्र, पेरणीयंत्र, तणकापणी यंत्र किंवा फवारणीचे यंत्र येणारच असेल, तर ते चालविणारा व दुरुस्त करणारा माणूस गावचाच का नसावा? ठिबकची जोडणी, कलमे बांधणे, फळबागेची छाटणी, माती नमुना घेणे, शेतमालाची प्रतवारी ही कामे शिकता येण्यासारखी आहेत व त्यांना साध्या मजुरीपेक्षा अधिक दर मिळतो. दरवर्षी कोयता घेऊन दूरच्या कारखान्याला जाणाऱ्या कुटुंबांना तोडणी यंत्रामुळे उद्या कोणते काम मिळेल, याचा विचार आजच करावयास हवा. अंगमेहनतीच्या कामाकडून कसबाच्या कामाकडे नेणारा पूल शिक्षणाशिवाय दुसरा नाही.

शाळेतून गाव

इंडोनेशियातील शेतीशाळांच्या परिणामांचा पुढे अभ्यास झाला, तेव्हा एक महत्त्वाची गोष्ट दिसली. शाळेत बसलेल्यांच्या ज्ञानात भर पडली, परंतु ते ज्ञान आपोआप शेजाऱ्यापर्यंत गेले नाही. आपल्याकडेही ‘एकाने पाहिले की दुसरा करील’ असे आपण धरून चालतो. नवे वाण असे पसरते, कारण ते डोळ्यांना दिसते. ‘आज फवारू नये’ हा निर्णय डोळ्यांना दिसत नाही, त्यामागची मोजणी स्वतः केल्याखेरीज तो पटत नाही. म्हणून शेतीशाळा एका हंगामात एका वस्तीत भरली की काम संपले असे नाही. पुढील हंगामात दुसऱ्या वस्तीत ती भरवावी व पहिल्या शाळेतील दोघा-तिघांनी तेथे शिकवावे.

हंगामभर एकत्र बसलेल्या पंचवीस माणसांत विश्वास निर्माण होतो, हा शेतीशाळेचा दुसरा लाभ होय. असा गट मिळून बियाणे व खते खरेदी करू शकतो, अवजारांची बँक काढू शकतो, फवारणीसाठी प्रशिक्षित व संरक्षक साहित्य असलेली टोळी उभी करू शकतो. पुढे जाऊन शेतकरी उत्पादक कंपनीही स्थापन करता येते. तशी तरतूद २००२ मध्ये कायद्यात झाली आहे. परंतु एकत्र बसून मोजण्याची व बोलण्याची सवय नसताना थेट कंपनी स्थापन केली, तर ती कागदावरच राहण्याचा धोका असतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. तेथे पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो व त्यावरून कोणती पिके घ्यावयाची हे गाव ठरवते. पाऊस मोजणे, बेरीज-वजाबाकी करणे आणि ग्रामसभेत त्यावर चर्चा करणे, हे प्रौढ शिक्षणच आहे. त्याला कोणी वर्ग म्हणत नाही एवढेच.

आपल्या गावी सुरुवात कशी करावी?

१) वस्तीतील २० ते २५ स्त्री-पुरुषांची यादी करावी. त्यात मालक, वाटेकरी व मजूर असे तिघेही असावेत. निदान एक तृतीयांश महिला असाव्यात.

२) गावाला सतावणारा एकच प्रश्न निवडावा. बोंडअळी, दुबार पेरणी, विहिरीचे पाणी, दुधाचा खर्च यांपैकी कोणताही चालेल. एका हंगामात दहा विषय घेऊ नयेत.

३) सहायक कृषी अधिकारी, जवळचे कृषि विज्ञान केंद्र किंवा कृषी विद्यापीठ यांच्याशी हंगामापूर्वीच संपर्क साधावा. तज्ज्ञ दर आठवड्याला येऊ शकला नाही तरी शाळा बंद ठेवू नये. मोजणी आपली आपण करावी व शंका लिहून ठेवाव्यात.

४) वार व वेळ ठरवून ती पाळावी. मजुरांचा खाडा होणार असेल तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी बसावे.

५) एक वही ठेवावी. लिहिण्याचे काम दरवेळी वेगळ्या माणसाने करावे. ज्याला लिहिता येत नाही त्याने शेजाऱ्याच्या मदतीने निदान आकडे मांडावेत. अनेकांचे अक्षर अशा वहीतूनच सुधारते. ज्यांना मुळाक्षरांपासून शिकावयाचे आहे त्यांच्यासाठी २०२२ पासून सुरू असलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाची चौकशी गावच्या शाळेत करावी.

६) मोबाईलवर येणारा सल्ला वर्गात सर्वांसमोर वाचावा व आपल्या शेतातील मोजणीशी ताडून पाहावा. सल्ला जिल्ह्यासाठी असतो आणि कीड आपल्या शेतात असते, हे लक्षात ठेवावे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, बी-बियाणे, खते, यंत्रे यांवर आपण दर हंगामाला पैसा घालतो. त्यांपैकी बरीचशी गुंतवणूक हंगामाबरोबर संपते. मोजण्याची, पाहण्याची व विचारण्याची सवय मात्र पुढच्या हंगामालाही उपयोगी पडते आणि तिला उधारी करावी लागत नाही. वय झाले, आता काय शिकायचे, असे कोणी म्हणू नये. येत्या खरिपापूर्वी आपल्या वस्तीत शंभर दाणे मोजण्यापासून सुरुवात करावी, आणि ज्याच्या पाठीवर आपला पंप जातो त्याला त्या दिवशी शेजारी बसवून घ्यावे, ही विनंती.